पलटणीचा वाढदिवस आणि काकांचं सँपल

फौजी माणूस रिटायर झाला की बंदूक जमा करून येतो, पण किस्से मात्र सगळे घरी घेऊन येतो! आमच्या घरात तीन फौजी एकत्र बसले की चहा उकळेपर्यंत दोन किस्से होतात. ते सगळ्यांना ऐकायला आवडतात. आम्हा बायकांकडेही तेवढेच साचतात, पण ते विचारायला कोणी येत नाही. म्हणून न विचारताच सांगते.

आम्ही हैदराबादेत गौलीगुड्याला राहतो. मूळ गाव नांदेडकडचं. आमचे हे हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आता आबिड्सला एका बँकेत गार्ड आहेत. ह्यांच्याच पलटणीतली आणखी दोन मराठी घरं जवळपास आहेत. एक सुभेदार काका आणि काकूंचं, दुसरं नायक गायकवाड आणि त्याच्या शोभाचं. काका रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तिन्ही घरांवर अजून त्यांचीच कमांड चालते.

दरवर्षी पलटणीचा स्थापना दिवस येतो. फौजेत त्याला ‘रेझिंग डे’ म्हणतात, आम्ही म्हणतो पलटणीचा वाढदिवस. पलटण जिथं असेल तिथं त्या दिवशी बडा खाना होतो. साहेब लोक स्वतः जवानांना वाढतात. इकडे आमच्या गच्चीवर आमचा छोटा बडा खाना होतो. पुरी, डाळ, मटण, गोड काहीतरी, मग बायकापोरांचे खेळ आणि शेवटी ग्रुप फोटो.

यंदा मात्र माझं कशातच लक्ष नव्हतं. माझा प्रशांत, एकुलता एक, बापाच्याच पलटणीत भरती झालाय. पलटण सध्या ‘वर’ आहे. वर म्हणजे नेमकं कुठं, ते तो सांगत नाही आणि ह्यांना विचारलं तर हे पंख्याकडे बघतात. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, “आई, थोडे दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नको.” त्यानंतर फोन लागायचा खरंच बंद झाला. काळजी करू नको म्हटल्यावर जी आई काळजी करत नाही, ती मला एकदा दाखवा.

तर त्या काळजीतले हे किस्से.

*

पहिला मागच्या वर्षीचा, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फौजेत जेवण वाढण्याआधी त्याचं सँपल साहेबांकडे जातं. साहेब चाखतात, ‘ठीक है’ म्हणतात आणि मगच पंगत बसते. आमच्याकडे साहेब म्हणजे काका. सँपलची वाटी आली की ते उठून ताठ उभे राहतात. बसून चाखलेलं सँपल त्यांना मंजूर नाही. एकदा त्यांनी ‘ठीक है’ म्हटलं की स्वयंपाकाबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम आहे.

मागच्या वर्षी काकांना बीपी निघालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि काकूंनी ते इतकं बंद केलं की घरातली मिठाची बरणीसुद्धा माझ्याकडे आणून ठेवली. काही महिने अळणी जेवून काकांची जीभच बदलली. गायकवाडने डाळ केली होती. काकांनी चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, “मीठ जास्त!”

गायकवाडने डाळीत पाणी घातलं. काकांनी पुन्हा चाखली. “मीठ जास्त!”

आणखी पाणी. आणखी एक चमचा. डाळ कुठली, हळद घातलेलं गरम पाणी झालं, तेव्हा कुठं काका म्हणाले, “ठीक है!”

आम्ही सगळे खाली मान घालून ओरपत होतो. वरच्या मजल्यावरच्या हमीदा आपा तेव्हा पहिल्यांदाच आमच्या पंगतीला आल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना नियम ठाऊक नव्हता. पहिल्याच घासाला त्या मोठ्यांदा म्हणाल्या, “अय्यो, इसमें नमकच नै है जी!”

काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “सँपल पास हो चुका है, आपा.”

आपांनी दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली. पाहुणी असली तरी ऑर्डर ती ऑर्डर!

*

यंदा मेनू ठरवायला सगळे आमच्याकडे जमले. मी दारातून आत-बाहेर करत होते आणि फोन ब्लाऊजमध्येच ठेवला होता, कारण स्वयंपाकघरात रेंज कधी असते, कधी नसते.

तिघेही पुरुष लंगरच्या, म्हणजे पलटणीतल्या स्वयंपाकघराच्या, जेवणाची आठवण काढायला लागले. नोकरीत असताना प्रत्येक सुट्टीत हे घरी येऊन लंगरच्या पुऱ्यांना शिव्या घालायचे. दगड आहेत, चामडं आहे, काय काय म्हणायचे. आता म्हणतात, “तशी पुरी पुन्हा मिळाली नाही!”

“तशी पुरी करता येईल का गं तुला?” ह्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “बत्तीस वर्षं संसारात मऊ पुऱ्या करून घातल्या, त्याचं हे बक्षीस होय?”

पण नमुन्याला म्हणून चार पुऱ्या करायला घेतल्या. कणीक मळताना मनात एकच चाललं होतं. तिकडे थंडी किती असेल, ह्याने दोन-दोन मोजे घातले असतील का. तेल तापलंय की नाही ते बघितलं नाही. कणकेत तेल घातलं की नाही तेही आठवेना. पुऱ्या फुगल्या नाहीत आणि झाऱ्यावर वाजायला लागल्या. मी मनात म्हटलं, आता हसतील.

गायकवाडने पुरी मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. मग दाताने तोडली. चावता चावता त्याचे डोळे भरून आले. “वहिनी,” तो म्हणाला, “एकदम लंगर!”

काकांनी उभं राहून पुरी चाखली. “ठीक है!”

आणि ठरलं. मुलाच्या काळजीत केलेल्या पुऱ्याच यंदाच्या बड्या खान्याला करायच्या! शोभा माझ्या कानात म्हणाली, “ताई, त्या दिवशीबी अशाच परेशान राहा बरं, नाहीतर पुऱ्या बिघडतील.” मी हसले. हसता हसता एकदम रडू आलं, तर ती गुपचूप माझ्या हातातून झारा घेऊन स्वतः तळायला लागली.

*

बातम्यांचा किस्सा.

ह्यांनी घरात टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या. का, तर मला त्रास होतो म्हणून. रिमोटमधले सेल काढून कुठं तरी ठेवून दिले. मी विचारलं की म्हणायचे, “संपले. आणायचे आहेत.” बँकेजवळ सेलची दुकानं ढिगाने आहेत, पण हवालदारसाहेबांना एकही सापडेना.

संध्याकाळी “शोभाकडे खोबरं किसायला जाते” असं सांगून निघाले. शोभाच्या घरी टीव्ही आहे आणि तिच्या घरी सेल संपत नाहीत.

दार लोटून आत गेले तर समोर आमचे हे! गायकवाडच्या खुर्चीवर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात, आवाज बारीक करून बसलेले.

“तू इथं काय करलालीस?” हे गावाकडच्या बोलीत ओरडले. घाबरले की ह्यांना गावाकडची बोली आठवते.

“खोबरं किसायला आले. तुम्ही?”

“मी... क्रिकेट बघत होतो.”

टीव्हीवर बर्फाचे डोंगर होते आणि पट्टीवर सीमेबद्दल काहीतरी सरकत होतं. मी ह्यांच्या शेजारी खाली बसले. ह्यांनी आवाज थोडा वाढवला. शोभा चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, “स्कोअर काय झाला भाऊजी?”

“अजून काही नाही,” हे म्हणाले. “काही झालेलं नाही.”

घरी येताना दोघं गल्लीतून चालत आलो. घरी पोहोचल्यावर ह्यांनी देवघरातल्या उदबत्तीच्या डबीतून सेल काढले आणि रिमोटमध्ये घातले.

*

आता टोपीचा.

फौजी घरांत एक रिवाज असतो, तो कोणी शिकवत नाही. कुणाच्या घरी जायचं तर आधी फोन करायचा. न सांगता, वर्दीत, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. का ते कोणी बोलत नाही. ज्यांची मुलं वर असतात त्यांना सांगावंच लागत नाही.

गायकवाड एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर आहे. निळा ड्रेस, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी. एकदा ड्युटीवर जाताना तो माझा कुकर परत द्यायला आला. आमच्या दाराला बाहेरून जाळीचं दार आहे. दुपारच्या उन्हात जाळीतून माणूस दिसत नाही, नुसता आकार दिसतो. मला दिसली फक्त टोपी, आणि दोन्ही हातांत धरलेलं काहीतरी.

मी जिथं होते तिथंच खाली बसले. गायकवाड बाहेरून “वहिनी, वहिनी” म्हणत होता, पण मला तो आवाज त्याचा वाटतच नव्हता. शेवटी हमीदा आपा जिन्यावरून खाली आल्या आणि त्यांनी जाळी उघडून मला पाणी पाजलं. गायकवाडवर तर त्या अशा खवळल्या, “दिमाग है क्या नै तुमको? कुकर देने को ऐसा आते क्या?”

बिचारा कुकर तिथंच ठेवून रडकुंडीला येऊन गेला.

तेव्हापासून तो गल्लीच्या तोंडाशीच टोपी काढून खिशात घालतो. आणि तिथूनच ओरडत येतो, “वहिनी, मी गायकवाड! नुसता गायकवाड!” गल्लीतले लोक त्याला येडा समजतात. पोरं तर त्याच्या मागून ‘नुसता गायकवाड’ करत येतात. तो मात्र थांबत नाही.

*

रिहर्सल. काकांना रिहर्सल लागतेच. झेंड्याला सलामीची रिहर्सल समजू शकते. काका संगीत खुर्चीचीही रिहर्सल घेतात! का, तर एका वर्षी शोभा खुर्चीवरून पडली होती आणि “फौज में एक गलती दो बार नहीं होती.”

तर आदल्या रविवारी नामपल्लीहून भाड्याच्या खुर्च्या आल्या. गच्चीवर गोल मांडल्या. काकांच्या गळ्यात शिट्टी. काकू, शोभा, हमीदा आपा, मी आणि शेजारच्या चार बायका. संगीत वाजवायला फोन हवा होता आणि नेमका गायकवाडचा फोन चार्जिंगला होता.

“तुमचा द्या,” काका मला म्हणाले.

“माझा नको,” मी म्हटलं. “प्रशांतचा फोन आला तर?”

“आला तर गाणं आपोआप थांबेल. कळेलच की!” काकांचं म्हणणं बरोबर होतं. मी फोन दिला, पण माझं लक्ष खुर्चीवर थोडंच राहणार. मी फोनभोवती फिरत होते आणि बाकीच्या बायका खुर्च्यांभोवती.

गाणं मध्येच थांबलं. शिट्टी वाजली नव्हती. रिंग वाजत होती!

मी धावले. माझ्यामागे काकू धावल्या, आपा धावल्या, हे कठड्यापासून धावले. काकांनी फोन माझ्या हातात दिला. नंबर ओळखीचा नव्हता. मी कानाला लावला.

“मॅडम, शमशाबादला प्लॉट बघताय का?” पलीकडून एक पोरगी तेलुगू हेल काढून हिंदीत विचारत होती.

मी फोन बंद केला. कोणी कोणाकडे बघेना. एवढ्यात मागून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मधोमध एकटी शोभा बसलेली होती. ती पळालीच नव्हती. तिला काय करावं ते सुचेना म्हणून ती जवळच्या खुर्चीवर बसली होती.

काकांनी घसा साफ केला. “गाणं थांबलं तेव्हा खुर्चीवर कोण होतं?”

“शोभा,” हे म्हणाले.

“विनर!” काका म्हणाले आणि शिट्टी वाजवली. शोभा त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ढसाढसा रडायला लागली. जिंकून इतकं रडलेलं मी कोणाला पाहिलं नाही.

*

आणि आता खुद्द वाढदिवसाची सकाळ.

स्वयंपाक आमच्याकडेच होता. काकू भाजी चिरत होत्या, शोभा कणीक मळत होती, मी डाळीला फोडणी द्यायला तेल ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत काका, हे आणि गायकवाड फुगे फुगवत होते. सकाळपासून मी मनात घोकत होते, आज तरी करील फोन. दरवर्षी पलटणीत बडा खाना झाला की तो फोन करून आम्हा सगळ्यांशी बोलायचा. फोन समोर ओट्यावर होता, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता.

जिन्यावर बुटांचा आवाज आला. जड बूट. चप्पल नाही, सँडल नाही. फौजी बायकोला हा आवाज झोपेतही कळतो. आवाज आमच्या दाराशी थांबला.

मी वळून पाहिलं. जाळीच्या पलीकडे आकार होता. पूर्ण वर्दी. टोपी. दोन्ही हातांत एक डबा.

कोणीही ‘नुसता गायकवाड’ म्हणालं नाही. गायकवाड तर आत बसला होता.

बाहेरच्या खोलीत एक फुगा हातातून सुटला आणि फर्र करत भिंतीवर आपटला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. लढाईत गोळ्या अंगावर घेतलेले आमचे सुभेदार काका. कारगिलच्या थंडीत ड्युटी केलेले हे. आणि गायकवाड. तिघांपैकी एक दाराकडे जाईना! काकांच्या तोंडाला फुगा लावलेला होता, तो तसाच राहिला. हे हळूच उभे राहिले आणि सावधानमध्ये ताठ झाले, पण पाऊल काही उचललं गेलं नाही.

“प्रशांत का घर यही है?” बाहेरून आवाज आला.

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले मला माहीत नाही. मी मोठ्यांदा ओरडले, “घर में कोई नहीं है!”

“जी... तो बाद में आऊं, मांजी?”

तेल जळायला लागलं. शोभाने पिठाच्या हाताने गॅस बंद केला. दार उघडायचं नाही, एवढंच मला कळत होतं. दार उघडलं नाही तर काही झालेलं नाही. तो बाहेर उभा राहू दे. दिवसभर राहू दे.

अचानक गायकवाड खुर्चीवरून उठला आणि जाळीकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडला, “टोपी उतार! अरे बाबा, पहले टोपी उतार!”

बाहेरचा गोंधळला. त्याने डबा काखेत धरला, टोपी काढली. उन्हाने नाक सोललेलं एक पोरगेलं तोंड जाळीला चिकटलं आणि हसलं. “मांजी, छुट्टी पे आया हूं. प्रशांत एकदम बढ़िया है. ऊपर नेटवर्क नहीं है ना. उसने ये भेजा है. बोला, पूरी वर्दी में जाना, मां देख के खुश होगी!”

मी गेले, कडी काढली आणि त्या अनोळखी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला. मग त्याला पोटाशी धरलं. “उसको बोलना,” मी म्हटलं, “घर आ, फिर दिखाती खुशी!”

पोरगं पाठ चोळत हसत होतं. हे भिंतीकडे तोंड करून फुग्याला गाठ मारायचा प्रयत्न करत होते आणि गाठ काही बसत नव्हती. काकू देवाला हात जोडून काय काय पुटपुटत होत्या. गडबड ऐकून हमीदा आपा वरून पळत आल्या, दारात वर्दी बघून छातीवर हात ठेवला आणि आमचे चेहरे बघून तिथंच पायरीवर टेकल्या.

डब्यात शंकरपाळे होते. वाकडेतिकडे, काही करपलेले. “खुद बनाया है,” पोरगा म्हणाला. “लंगर में घुस के. बोला, बडा खाना में मेरी तरफ से मीठा होना चाहिए.” माझ्या प्रशांतने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता.

हात पुढे झाले, तेवढ्यात काकांना कंठ फुटला. “रुको! सँपल!”

सगळे थांबले. मी डबा काकांपुढे धरला. काकांनी डबा हळूच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, “आज सँपल तुमचं.”

मी पदर खोचला. ताठ उभी राहिले, अगदी काका राहतात तशी. एक शंकरपाळा तोंडात टाकला. खारट लागला. दोनदा चावला, तरी खारटच.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“ठीक है!” मी म्हणाले.

डबा फिरला. ह्यांनी घेतला, गायकवाडने घेतला, शोभाने पिठाच्या हाताने घेतला, आपांनी घेतला. कोणी चकार शब्द काढला नाही. काकांनी एक खाल्ला. काकूंकडे बघितलं. काकूंनी दुसरीकडे बघितलं. काकांनी दुसरा उचलला, सावकाश चावला, डोळे पुसले आणि म्हणाले,

“मीठ बरोबर आहे.”